स्वस्त क्रीम, महाग क्रीम आणि डबीची मागची बाजू

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय चोवीस, गाव परभणी, नोकरी पुण्यात. नाक आणि कपाळ तेलकट, पण तोंड धुतलं की गाल ताणल्यासारखे होतात. हनुवटीवर अधूनमधून मुरमं येतात आणि जाताना काळे डाग ठेवून जातात. रील्स बघून घेतलेली तीन सीरमं ड्रॉवरमध्ये पडून आहेत. दोन महिन्यांनी चुलत बहिणीचं लग्न आहे आणि घरात असलेलं फाउंडेशन लावलं की चेहरा राखाडी दिसतो. महिन्याला सहाशेच्या वर खर्च जमत नाही. ‘स्वस्तात मला सूट होईल असं काय घेऊ, आणि महाग ते खरंच चांगलं असतं का?’

मी सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यांत फॉर्म्युलेशनचं काम करते. क्रीम, लोशन, फाउंडेशन यांत काय किती घालायचं, ते कसं फेटायचं आणि दोन वर्षं कसं टिकवायचं, हे माझं रोजचं काम. मी त्वचेची डॉक्टर नाही, त्यामुळे मुरमांच्या औषधांवर बेतानंच बोलेन. डबीत काय असतं आणि तुमचा पैसा कुठे जातो, हे मात्र नीट सांगू शकते.

तुमचा प्रश्न वाचून पहिली गोष्ट जाणवली ती ही, की सहाशे रुपये महिना हे बजेट कमी नाहीये. ते भलत्या जागी अडकलंय. तीन सीरमं आहेत, पण रोज लागणारं सनस्क्रीन तुमच्या यादीत कुठेच नाही, आणि गाल ताणणारा फेसवॉश अजून चालूच आहे. काय घ्यायचं याआधी कशावर खर्च करायचा आणि कशावर नाही, हे ठरलं की बरंचसं काम होतं.

महाग म्हणजे चांगलं का, ते आधी उरकू. साध्या मॉइश्चरायझरमध्ये साठ-सत्तर टक्के, कधी त्याहून जास्त, पाणीच असतं. मग ग्लिसरीन, थोडं तेल किंवा पेट्रोलियम जेली, सिलिकोन, तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा इमल्सिफायर, दाटपणासाठी सिटाइल अल्कोहोलसारखं मेणचट द्रव्य, जंतू वाढू न देणारा प्रिझर्व्हेटिव्ह आणि वास. जाहिरातीत ज्याचं नाव मोठ्या अक्षरांत असतं ते नायसिनामाइड, म्हणजे व्हिटॅमिन बी३ चं एक रूप, घ्या. पाच टक्के म्हटलं तर पन्नास ग्रॅमच्या ट्यूबमध्ये ते अडीच ग्रॅम होतं, आणि कारखान्याला ते दोन-चार रुपयांत पडतं. पाणी धरून ठेवणारं हायलुरॉनिक ॲसिड किलोवर बघितलं तर महाग, पण ०.१ टक्का घातलं की पन्नास ग्रॅममध्ये पाच शतांश ग्रॅमच जातं. पुष्कळदा आतल्या मालापेक्षा एअरलेस पंपाची बाटली आणि गुळगुळीत खोकाच महाग असतो. त्यावर जाहिरात, वेबसाइटचं कमिशन, आणि निम्म्या किमतीत दिल्यासारखं दाखवता यावं म्हणून आधीच फुगवून छापलेली एमआरपी.

जास्त पैसे मोजून काहीच मिळत नाही असं मात्र म्हणणार नाही. क्रीम चिकट न लागणं, पटकन मुरणं, मेकअपखाली गोळे न होणं यामागे मेहनत असते आणि तिचे पैसे पडतात. शिवाय चाचण्या. नवीन फॉर्म्युला आम्ही चाळीस अंश तापमान आणि पंचाहत्तर टक्के आर्द्रतेच्या कपाटात महिनोन्‌महिने ठेवतो आणि क्रीम फुटतं का, वास बदलतो का, पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, सरकतो का ते बघतो. मुद्दाम जंतू सोडून प्रिझर्व्हेटिव्ह त्यांना पुरा पडतो का, तेही तपासतो. जबाबदार कंपनी हे सगळं शंभर रुपयांच्या मालासाठीही करते. म्हणून माझ्या मते ओळखीच्या कंपनीचं स्वस्त घ्यायला हरकत नाही. अनोळखी कंपनीचं मात्र स्वस्तही नको आणि महागही नको.

लेबलावर ‘मार्केटेड बाय’ एक नाव असतं आणि ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ भलतंच. बद्दी, वापी, वसई अशा ठिकाणचे कारखाने कित्येक ब्रँडना माल करून देतात. म्हणून काही जण ‘दोन्ही एकाच कारखान्यातली आहेत, म्हणजे आतलं सारखंच’ असं छातीठोक सांगतात. ते खरं नाही. एकाच मिक्सरमधून सकाळी एक रेसिपी निघते आणि दुपारी दुसरी. सारखेपणा बघायचाच असेल तर घटकांची यादी बघा, कारखान्याच्या पत्त्यावरून तो कळत नाही.

आता खर्चाचा नियम. जे धुऊन जाणार ते स्वस्त घ्या, जे चेहऱ्यावर दिवसभर राहणार त्यावर डोकं लावा.

फेसवॉश चेहऱ्यावर जेमतेम अर्धा मिनिट असतो. त्यातलं व्हिटॅमिन सी, केशर, गोल्ड डस्ट सगळं बेसिनमधून वाहून जातं. मुरमांसाठीचा सॅलिसिलिक ॲसिडचा किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश थोडा अपवाद, कारण तो मिनिट-दोन मिनिटं ठेवला तर काही काम करतो. एरवी फेसवॉशकडून एकच अपेक्षा ठेवावी, की मळ काढावा आणि कातडीला इजा करू नये. त्वचेचा पीएच साधारण पाचच्या आसपास असतो आणि नेहमीच्या साबणाचा नऊ-दहा. तुमचा फेसवॉशही साबणाच्या जातीचाच असावा, आणि गाल ताणल्यासारखे होतात ते मला बहुतेक त्यामुळेच वाटतं. तोंड धुऊन दहा मिनिटं काहीही न लावता बसून बघा. तरी ताण गेला नाही तर तो फेसवॉश हातपाय धुवायला वापरून टाका आणि ‘जंटल’ किंवा ‘सोप-फ्री’, म्हणजे साबण नसलेल्या, प्रकारातला साधा घ्या. शंभर मिली दीड-दोनशे रुपयांत मिळतो. कोरड्या त्वचेसाठी म्हणून विकला जाणाराही तुम्हाला चालेल. नाक तेलकट आहे म्हणून घाबरू नका.

यात पाण्याचाही हात असू शकतो. पुण्यात कित्येक सोसायट्या आणि पीजी टँकर नाहीतर बोअरच्या पाण्यावर चालतात. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, क्षारांबरोबर त्याचा पांढरा थर तयार होतो आणि तो कातडीवर बसतो. बादलीच्या कडेला जी पांढरी रेघ दिसते ती त्याचीच. सोप-फ्री क्लीन्झरचा असा थर होत नाही, म्हणून बोअरच्या पाण्याला तो जास्त बरा. अंगाच्या साबणाचं वेष्टन बघायची सवयही असू द्या. त्यावर ‘टॉयलेट सोप’ लिहिलेलं असतं किंवा ‘बाथिंग बार’, आणि टीएफएम म्हणजे त्यातल्या साबणी मेदाची टक्केवारी असते. टॉयलेट सोपमध्ये पहिल्या प्रतीला ती ७६ टक्के किंवा जास्त लागते. बाथिंग बारला ४० पुरते, पण म्हणून बाथिंग बार वाईट ठरत नाही. काही सौम्य वड्या साबणच नसल्यामुळे त्या गटात येतात.

मॉइश्चरायझर तेलकट चेहऱ्यालाही लागतो, फक्त जेल किंवा पातळ लोशन घ्या. पहिल्या चार-पाच नावांत ग्लिसरीन असलं की निम्मं काम झालं. सेरामाइड, म्हणजे कातडीतच असणारा, ओल टिकवणारा मेद, असलं तर चांगलं, नसलं तरी अडत नाही. हवेनुसार बदल करा. पावसाळ्यात पुण्यात पातळ लोशन पुरेल. दिवाळीत परभणीला गेलात की तेच अपुरं वाटेल, तेव्हा रात्री गालांवर थोडं जाड क्रीम लावा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेतल्या मैत्रिणीला जे चालतं ते विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत चालेलच असं नाही. ‘तिला सूट झालं, मला का नाही’ याचं उत्तर कित्येकदा एवढंच असतं. ओठ आणि टाचांसाठी पेट्रोलियम जेली. कातडीतलं पाणी अडवून धरण्यात तिची बरोबरी करणारं फारसं काही नाही, आणि ती इतकी स्वस्त आहे की तिची जाहिरात करण्यात कुणाला रस नसतो.

तुमच्या बजेटचा मोठा वाटा जायला हवा तो सनस्क्रीनवर. काळ्या डागांची तक्रार आहे म्हणून तर जास्तच. मुरूम बरं होताना आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत तिथे जास्त मेलॅनिन, म्हणजे कातडीचं रंगद्रव्य, तयार होतं आणि ऊन त्याला रोज खतपाणी घालतं. सनस्क्रीन न लावता डागांचं सीरम लावणं म्हणजे पैसे वाया.

सनस्क्रीनमधले यूव्ही फिल्टर, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारी द्रव्यं, खरोखर महाग असतात, आणि एसपीएफचा, म्हणजे भाजण्यापासून किती संरक्षण मिळतं त्याचा, आकडा माणसांच्या पाठीवर चाचणी करून काढावा लागतो. म्हणून हे एकच उत्पादन मी फार स्वस्तातलं घ्या म्हणत नाही. औषधांच्या दुकानात पन्नास ग्रॅम तीनशे ते पाचशेपर्यंत चांगली मिळतात, हजाराच्या घरात जायचं कारण नाही. आकड्यांच्या मागेही फार लागू नका. एसपीएफ ३० यूव्हीबीचे, म्हणजे कातडी भाजणारे, साधारण ९७ टक्के किरण अडवतं आणि ५० साधारण ९८. फरक पडतो तो किती लावता याने. चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावतात आणि आपण बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाही. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. साधारण सव्वा ग्रॅम. डागांसाठी ‘पीए’ पुढे तीन-चार अधिकचिन्हं बघा, कारण ते यूव्हीए या कातडीत खोल जाणाऱ्या, रंग गडद करणाऱ्या किरणांपासूनच्या संरक्षणाचं मोजमाप आहे. रंग असलेलं, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन मिळालं तर तुमच्यासाठी ते जास्त उपयोगी. त्यातली आयर्न ऑक्साइडं नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशालाही अडवतात, आणि सावळ्या त्वचेवरचे डाग त्या प्रकाशानेही गडद होतात. शिवाय पांढरेपणा येत नाही आणि रोजच्या फाउंडेशनचा खर्च वाचतो.

हिशोब मांडून बघू. सकाळी एकदा सव्वा ग्रॅम धरलं तर दोन महिन्यांत पंचाहत्तर ग्रॅम, म्हणजे चारशेची पन्नास ग्रॅमची ट्यूब धरली तर सहाशे रुपये. फेसवॉश दोन महिन्यांना एकशे ऐंशी. मॉइश्चरायझर शंभर मिली अडीचशे. झाले एक हजार तीस. तुमचे दोन महिन्यांचे बाराशे, म्हणजे एकशे सत्तर उरतात. दुकानात किंवा ॲपवर भाव बघताना एमआरपी बघू नका, किंमत भागिले ग्रॅम करा. तीस मिलीची नाजूक बाटली तीनशेला आणि शंभर मिलीची ट्यूब साडेचारशेला असली की डोळा स्वस्त म्हणून बाटलीकडे जातो.

ऑफिसात एसीत बसून काम असेल तर सकाळचं एकदा लावणं बहुतेक पुरतं. दुपारी गाडीवर बाहेर फिरणं असेल तर परत लावावं लागेल आणि हिशोब बदलेल. स्कार्फचाही उपयोग आहेच, पण पुण्याच्या पद्धतीने डोळे सोडून सगळं गुंडाळलेला तोच घामट स्कार्फ आठवडाभर हनुवटीवर घासत राहिला तर मुरमं तिथेच येणार. दोन-तीन सुती स्कार्फ आलटून पालटून धुऊन वापरा. कपाळावर बारीक पुरळ येत असेल तर डोक्याच्या तेलाकडेही बघा. रात्री चापून तेल लावून झोपलं की ते उशीवरून कपाळावर आणि गालावर येतं. तेल लावायचंच तर धुवायच्या आधी तासभर.

आता डबीची मागची बाजू. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, मात्र एक टक्का आणि त्याखालचे शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. ही एक टक्क्याची रेघ कुठे आहे ते छापलेलं नसतं, पण अंदाज घेता येतो. फिनॉक्सिइथेनॉल हा प्रिझर्व्हेटिव्ह पुष्कळ क्रीममध्ये असतो आणि एक टक्क्याच्या वर वापरत नाहीत, म्हणून यादीत त्याच्यानंतर येणारं सगळं एक टक्का किंवा त्याखालचं. समजा पुढे ‘केशर आणि चंदनयुक्त’ लिहिलंय आणि मागची यादी अशी आहे: पाणी, ग्लिसरीन, मिनरल ऑइल, सिटोस्टिअरिल अल्कोहोल, डायमेथिकोन, नायसिनामाइड, फिनॉक्सिइथेनॉल, परफ्यूम, केशर अर्क, चंदन अर्क. केशर-चंदन इथे पोह्यांवर भुरभुरलेल्या कोथिंबिरीइतकं आहे. पण नायसिनामाइड बहुधा रेघेच्या वर आहे, म्हणजे क्रीम उपयोगाचं असावं, फक्त पुढे लिहिलंय त्या कारणासाठी नाही. उलट रेटिनॉलसारखे (व्हिटॅमिन ए चं एक रूप) काही घटक एक टक्क्याच्या खालीच काम करतात, त्यामुळे रेघेखाली ते सगळं फुकट असा अर्थ काढू नका. आणि सिटाइल, सिटोस्टिअरिल अल्कोहोल बघून दचकू नका. ती मेणासारखी, त्वचा मऊ ठेवणारी द्रव्यं आहेत. कोरडं करतं ते ‘अल्कोहोल डिनॅचर्ड’, आणि तेही यादीत वरच असेल तर.

‘पॅराबेन-फ्री’ साठी एक रुपयाही जास्त देऊ नका. पॅराबेन हे जुने प्रिझर्व्हेटिव्ह. त्यांच्याविरुद्ध ओरड झाली तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी ते काढून मिथाइलआयसोथायाझोलिनोन हा दुसरा प्रिझर्व्हेटिव्ह घातला. त्याने इतक्या लोकांना ॲलर्जी झाली की अमेरिकेतल्या काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साली त्याला ‘ॲलर्जन ऑफ द इयर’, म्हणजे वर्षाचा ॲलर्जीकारक घटक, ठरवलं. त्याच संस्थेने २०१९ मध्ये पॅराबेनना ‘नॉनॲलर्जन ऑफ द इयर’ म्हटलं. आमच्या क्षेत्रात हा किस्सा सगळ्यांना माहीत आहे, पण डबीवर ‘पॅराबेन-फ्री’ छापणं काही थांबलं नाही. ‘डर्मटॉलॉजिकली टेस्टेड’, ‘नॅचरल’, ‘केमिकल-फ्री’ हेही तसलेच शब्द. पाणीसुद्धा केमिकलच आहे. संवेदनशील त्वचेसाठी खरंच उपयोगी शब्द एकच, ‘फ्रॅग्रन्स-फ्री’. सुगंध हे ॲलर्जीचं नेहमीचं कारण आहे, मग तो गुलाबाच्या नैसर्गिक तेलाचा असो की प्रयोगशाळेतला.

मुरमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइडचं २.५ टक्क्यांचं जेल साधारणपणे १० टक्क्यांच्या जेलइतकंच काम करतं आणि आग कमी करतं. इथे जास्त टक्के म्हणजे जास्त गुण नाही. उरलेल्या एकशे सत्तरात ते बसेल. मुरमं येतात त्या भागावर रात्री पातळ थर लावा आणि उशीला जुनी पांढरी खोळ घाला, कारण रंगीत कापड ते विरंजित करतं. खोल, दुखरी, गाठीसारखी मुरमं असतील, पाळी अनियमित असेल किंवा हनुवटी-जबड्यावर हट्टाने येत असतील, तर मात्र सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. सरकारी रुग्णालयाच्या त्वचाविभागात केसपेपर नाममात्र पैशांत निघतो, आणि तीन सीरमांच्या किमतीत खाजगी डॉक्टरांची फीसुद्धा भागली असती. डागांना धीर लागतो. मॉइश्चरायझर सूट होतंय का ते दोन आठवड्यांत कळतं, मुरमांचा फरक दिसायला दोन-तीन महिने जातात, डागांना त्याहूनही जास्त. आठ दिवसांत उजळ होण्याचं वचन देणारी वस्तू मी तरी घरात ठेवणार नाही.

त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण स्वस्ताच्या शोधात लोक नेमके तिथेच सापडतात. पार्लरमध्ये किंवा ओळखीतून मिळणारी बिनलेबलाची डबी, आणि केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेली ‘गोरं करणारी’ ट्यूब. पहिलीत पारा असू शकतो. पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा खरंच उजळतो, आणि तोच पारा कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडं खराब करतो. अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींना असं क्रीम वापरून मूत्रपिंडाचा विकार झाला होता, मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचा छडा लागला आणि २०२३ मध्ये त्याच्या बातम्या आल्या. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत क्रीममध्ये मुद्दाम पारा घालायला बंदी आहे, नकळत आलेला पाराही दहा लाखांत एक भाग याच्या वर चालत नाही. दुसऱ्या प्रकारच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. नावात किंवा घटकांत बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन दिसलं तर ते सौंदर्यप्रसाधन नाही, औषध आहे. चौदा स्टेरॉइड मलमं २०१८ साली चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत गेली, तरी ती सर्रास मिळतात. पहिले पंधरा दिवस चेहरा काचेसारखा होतो. नंतर कातडी पातळ, लाल, मुरमांनी भरलेली, आणि थांबवलं की आग. आधीच काही महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा.

डबीवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, कारखान्याचा पत्ता आणि ‘यूज बिफोर’ तारीख नसेल तर ती परत ठेवा. विदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. सत्तर टक्के सूट दिसली की आधी तारीख बघा, वस्तू कपाटात पडू द्यायची सवय असेल तर जास्तच.

काहीही नवीन आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, आठवडाभर. एकदा लावून चोवीस तास थांबणं पुरत नाही, काही ॲलर्जी चार-पाच दिवसांनी डोकं वर काढतात. मग चेहऱ्यावर, आणि एका वेळी एकच नवीन वस्तू. तिन्ही सीरमं एकाच आठवड्यात सुरू केली असतील तर कशाने काय झालं हे कुणीच सांगू शकणार नाही. छोटे पाऊच आणि मिनी ट्यूब आपल्याकडे भरपूर मिळतात, ते आधी घ्या. शांपूचं पाऊच तर कित्येकदा बाटलीपेक्षा मिलीमागे स्वस्त पडतं.

आता फाउंडेशन. चेहरा राखाडी का दिसतो ते समजलं तर पुन्हा फसणार नाही. फाउंडेशनचा रंग चार रंगद्रव्यांचा असतो: पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड, आणि पिवळं, लाल, काळं आयर्न ऑक्साइड. गडद शेड नीट करायची तर पांढरं कमी करून पिवळं-लाल वाढवायला हवं, आणि मग सगळी रेसिपी पुन्हा बसवावी लागते. स्वस्तात उरकणाऱ्या कंपन्या पांढऱ्याने भरलेला एकच बेस घेतात आणि त्यात काळं वाढवून ‘डस्की’ शेड काढतात. पांढरं अधिक काळं, म्हणजे राखाडीच. त्यात भर म्हणजे आपण स्वतःपेक्षा एक शेड उजळ घेतो, दुकानदारही तीच पुढे करतो.

शेड मनगटावर बघू नका. जबड्याच्या कडेला, गालापासून मानेपर्यंत दोन-तीन शेडच्या उभ्या रेघा ओढा आणि दुकानाच्या पांढऱ्या ट्यूबलाइटमधून बाहेर रस्त्यावर या. पंधरा-वीस मिनिटं थांबा, कारण हवेने आणि चेहऱ्याच्या तेलाने रंग थोडा गडद होतो. जी रेघ शोधावी लागते ती तुमची. दोनपैकी एक फिकट आणि एक गडद वाटत असेल तर गडद आणि पिवळसर झाक असलेली घ्या. गव्हाळ-सावळ्या रंगाला गुलाबी झाकेच्या शेड फार क्वचित बसतात. घरातलं फाउंडेशनही लगेच टाकू नका. दीड-दोनशे रुपयांचं गडद, पिवळसर शेडचं एखादं आणून हातावर दोन्ही मिसळून बघा, कित्येकदा तेवढ्यावर भागतं.

लग्नासाठी अख्खा सेट घ्यायची गरज नाही. पाहुणी म्हणून जाताय, तर तुमच्या शेडचं फाउंडेशन फक्त चेहऱ्याच्या मध्यभागी आणि डागांवर, डोळ्यांखालच्या काळेपणावर आधी नारिंगी करेक्टरचा अगदी पातळ हात, मग काजळ, मस्कारा आणि एक विटकरी किंवा गडद गुलाबी लिपस्टिक. तीच लिपस्टिक बोटाने गालावर पसरली की ब्लशचे पैसे वाचले. लिपस्टिक, काजळ, आयशॅडो यात भारतीय बजेट ब्रँड आता खूप चांगले आहेत. डोळ्यांच्या बाबतीत मात्र उसनवारी नको, आणि मस्कारा उघडल्यापासून चार-सहा महिन्यांत बदला. पांढरी ‘एचडी’ पावडर जपून वापरा. आरशात ती दिसत नाही, पण फोटोग्राफरच्या फ्लॅशमध्ये नाकावर पिठाचा ठिपका उठतो. सकाळचा मुहूर्त असेल तर खिडकीशी बसून मेकअप करा. बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात केलेला मेकअप मांडवात दुप्पट दिसतो. आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात ब्लीच, नवं फेशियल, नवं क्रीम काहीही नको. करवल्यांनाही हळद लावतात, आणि ब्लीचने सोललेल्या गालावर ती चांगलीच झोंबते.

टिकलीचंही सांगून ठेवते. चिकटणारी टिकली रोज एकाच जागी लावली आणि तिथे खाज किंवा पांढुरकेपणा दिसला, तर ती लगेच थांबवा. काही टिकल्यांच्या डिंकातल्या पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉलमुळे तिथला रंग कायमचा जाऊ शकतो. तशी शंका आली तर कुंकू किंवा गंधाची पेन्सिल, तीही आधी कोपरावर बघून.

राहिली ड्रॉवरमधली तीन सीरमं. तुम्ही लिहिल्याप्रमाणे एक दहा टक्के नायसिनामाइड, एक व्हिटॅमिन सी, आणि एक लाल रंगाचं तीस टक्के ॲसिडचं पीलिंग, म्हणजे कातडीचा वरचा थर काढणारं. नायसिनामाइड ठेवा. दहा टक्क्यांची गरज नसते, चार-पाच पुरतात, म्हणून दोन थेंब मॉइश्चरायझरमध्ये मिसळून लावा, आग होणार नाही आणि बाटली दुप्पट पुरेल. व्हिटॅमिन सी फिकट पिवळं असेल तर सकाळी सनस्क्रीनखाली संपवा. चहासारखं तांबूस झालं असेल तर टाकून द्या, आणि या बजेटमध्ये परत घेऊ नका, कारण ते टिकवणंच कठीण. लाल पीलिंग घरी अजिबात वापरू नका, लग्नाच्या तोंडावर तर नाहीच. आपल्या त्वचेवर थोडं जरी भाजलं तरी डाग राहतो, आणि तुमची मूळ तक्रार डागांचीच आहे. मॉइश्चरायझर घ्यायच्या आधी डबीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवलात तर रेघ कुठे पडते ते सांगते.